अकरा मिनिटांचा निरोप

‘विहिरीला पाणी’ एवढंच ऐकू आलं. पुढचं ‘कमी आहे’ गायब होतं.

चौगुलेबाईंनी कानांवरचा हेडफोन काढला आणि काचेपलीकडून माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बाजूचं बटण दाबून म्हटलं की तांत्रिक अडचण आहे, पुन्हा घेऊ. त्या म्हणाल्या, “पाटणकर, मी म्हटलं होतं हं पूर्ण. माझ्याकडं आता वाया घालवायला आवाज नाही.”

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. खरं तेच बोलत होत्या. दोन हजार आठचा एप्रिल होता. पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, त्यांचं स्वरयंत्र काढून टाकणार होते. घशाचा कर्करोग होता. ऑपरेशननंतर जीव वाचण्याची आशा होती, बोलण्याची नव्हती.

मिरजेत आवाज आणि श्रवण यांवर काम करणारं आमचं छोटं केंद्र होतं. तिथं मी कॉम्प्युटर सांभाळायचो. सत्तावीस वर्षांचा होतो. केंद्राच्या प्रमुख इनामदार मॅडमनी एक नवा प्रयोग हाती घेतला होता. ज्यांचा आवाज जाणार आहे त्यांच्याकडून आधीच नऊशे वाक्यं वाचून घ्यायची, म्हणजे पुढं त्यांनी कळफलकावर काही लिहिलं की यंत्र त्यांच्याच आवाजात ते बोलेल. चौगुलेबाई आमच्या पहिल्याच.

रत्नप्रभा चौगुले हे नाव गावात कुणाला फारसं माहीत नव्हतं, आवाज मात्र सगळ्यांना माहीत होता. त्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होत्या. बावीस वर्षं त्यांनी माइकवरून गाड्या पुकारल्या होत्या. पहिल्या दिवशी त्या बोलायला लागल्या तेव्हा आमच्या स्वागतकक्षातल्या दोघी उठून दारात आल्या होत्या. वय पन्नाशीच्या जवळ, अंगानं किरकोळ, केस घट्ट बांधलेले. नवरा अकरा वर्षांपूर्वी गेलेला. एकच मुलगा, सन्मती. तो होसूरला कारखान्यात फिटर होता. वर्षातून एकदा यायचा आणि मुक्काम न करता परत जायचा, एवढं त्यांच्या बहिणीच्या बोलण्यातून कळलं होतं.

आवाज आधीच घोगरा होत चालला होता. वीस मिनिटं वाचलं की घसा धरायचा. त्यातली वाक्यं अशी अर्धी खाल्ली जात होती आणि तो दोष माझ्या यंत्रांचा होता.

आमच्याकडे सगळं साठवायची जागा एकच होती, वरच्या मजल्यावरचा सर्व्हर. कानांच्या चाचण्या, रुग्णांचे अहवाल, उच्चारांचे व्हिडिओ, सगळं नेटवर्कवरून तिथं जायचं. रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला स्वतःची हार्ड डिस्कच नव्हती. तिची घरघर माइकमध्ये यायची म्हणून मीच ती काढून टाकली होती. त्यामुळं बाईंचा शब्द तोंडातून निघाला की थेट वर जायचा. वर गर्दी असली की वाट बघायचा आणि वाट बघता बघता हरवायचा.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्यावर तोड काढली. सर्व्हरमध्ये मेमरी भरपूर होती. तिचा एक हिस्सा बाजूला काढला आणि त्याचीच डिस्क केली. याला रॅम डिस्क म्हणतात. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, तिच्यावर लिहायला वेळ लागतो. मेमरीत लिहायला जवळजवळ वेळच लागत नाही. आवाज आधी मेमरीत उतरायचा आणि दर दहा मिनिटांनी तिथून तबकडीवर जायचा. दुसऱ्या दिवशी एकही वाक्य तुटलं नाही. इनामदार मॅडम सहसा कुणाची स्तुती करत नसत, पण त्या माझ्या खोलीपर्यंत येऊन ‘छान केलंस’ म्हणून गेल्या. मला आकाश ठेंगणं झालं.

फक्त दर दहाव्या मिनिटाला, मेमरीतलं तबकडीवर जाताना, बारीकसा ‘टक्’ ऐकू यायचा. तो माझ्या कानांत खुपायला लागला. तिसऱ्या दिवशी मी ती आपोआप होणारी नक्कल बंद केली. बैठक संपली की मी स्वतः हुकूम द्यायचा आणि मग सगळं एकदम खाली उतरवायचं, असं ठरवलं. ‘टक्’ गेला.

मेमरीची गोम मला ठाऊक होती. वीज आहे तोवर ती आहे. वीज गेली की तिच्यात काय होतं याचा मागमूसही राहत नाही. त्यासाठी सर्व्हरला बॅटरी जोडलेली होती. आमचा जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट लागायचं, तेवढं तिनं सांभाळायचं. ती बॅटरी फुगली होती. बदलून द्या असं पत्र मी मार्चमध्येच दिलं होतं. पत्र दिलं होतं म्हणून मी स्वतःला बरेच दिवस निर्दोष समजत होतो. पण पत्र दिलं होतं याचाच अर्थ, धोका मला माहीत होता.

गुरुवारी दुपारी नऊशेवं वाक्य झालं. खालीवर मिळून आम्ही पाच-सहा जण होतो, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हुकूम दिला आणि त्या दिवसाची सगळी वाक्यं तबकडीवर उतरवली. बाईंना चार वाजेपर्यंत हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं. मॅडमनी त्यांना विचारलं, स्वतःचं असं काही बोलून ठेवायचंय का, कुणासाठी? आधी तीनदा विचारलं होतं आणि बाई तिन्ही वेळा नको म्हणाल्या होत्या. या वेळी त्या म्हणाल्या, “सगळ्यांनी बाहेर जायचं. पाटणकर राहू देत, यंत्राला माणूस लागणारच.”

सगळे गेले. त्या काचेपलीकडं बसल्या, मी अलीकडं. त्यांनी खूण केली, मी सुरू केलं. त्या अकरा मिनिटं बोलल्या. ते मुलासाठी होतं. स्टँडवरच्या आवाजात त्या बोलल्या नाहीत, नऊशे वाक्यांच्या आवाजातही नाही. तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. काय बोलल्या ते मी पुढं एकाच माणसाला सांगितलं, ते येईलच.

बोलून झाल्यावर त्या बाहेर आल्या आणि खुर्चीत टेकल्या. चेहरा ओला होता. “मी आहे तोवर त्याला द्यायचं नाही,” त्या म्हणाल्या. “गेल्यावर द्यायचं. तुम्ही स्वतः द्यायचं.” मी होय म्हटलं. त्यांनी कोमट पाणी मागितलं.

हुकूम द्यायला मला पाच सेकंद लागले असते. पण त्यासाठी त्यांच्याकडं पाठ करून बसावं लागलं असतं आणि त्या क्षणी ते मला बरं वाटेना. मी पाणी आणायला गेलो. पाण्याच्या यंत्राजवळ पेला भरत असताना पंखा मंदावला, दिवा गेला. वरून बॅटरीची एकच शिट्टी ऐकू आली, अर्ध्यात तुटलेली. मग खाली जनरेटर घरघरला आणि दिवे आले.

मी आधी बाईंना पाणी नेऊन दिलं. त्या म्हणाल्या, “लाइट गेले होते काय? माझं राहिलं ना सगळं?”

“राहिलं,” मी म्हणालो. तेव्हा मला वाटत होतं की राहिलं असेल.

त्या बहिणीबरोबर रिक्षात बसून गेल्या आणि मी वर धावलो. सर्व्हर नव्यानं सुरू होत होता. तासभर मी शोधत राहिलो, पण शोधण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. तबकडीवरचं पुसलं तर कुठंतरी खूण राहते. मेमरीत खूणही राहत नाही. नऊशे वाक्यं जिथल्या तिथं होती. अकरा मिनिटं कधी झालीच नव्हती.

मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. घड्याळ बघून म्हणाल्या, “ऑपरेशन उद्या आठला आहे. आता पावणेपाच. हातात धरायचा तो छोटा रेकॉर्डर घे, हॉस्पिटलात जा, त्यांना सगळं खरं सांग. माफी माग. त्यांना हवं असेल तर पुन्हा बोलतील. नको असेल तर तो त्यांचा निर्णय. पण सांगायचं.”

मी गेलो. रेकॉर्डर शर्टाच्या खिशात होता. जिन्यातच मी तो चालू करून ठेवला, कारण त्यांच्यासमोर खुडबुड करायची लाज वाटत होती.

बाई खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या. बहीण पद्मा त्यांच्या केसांना तेल लावत होती. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मी दारातच अडखळलो. त्यांनी बहिणीला चहा सांगायला पाठवलं आणि मला स्टुलावर बसवलं.

“दुपारपासून हलकं वाटतंय बघा,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्षं झाली, रोज वाटायचं आज फोन करून सांगावं. रोज शब्द इथवर यायचे आणि परत जायचे. मला वाटतं त्यांनीच घसा नासवला माझा.” हे त्या हसत म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आता कुणी परत बोल म्हटलं तर मात्र जमायचं नाही. होतं नव्हतं ते सगळं आज काढलं. नीट उतरलंय ना?”

मी मान खाली घालून बसलो होतो. खिशातला रेकॉर्डर छातीला लागत होता. मला एवढंच म्हणायचं होतं, नाही, उतरलं नाही.

“नीट उतरलंय,” मी म्हणालो.

चहा आला, तो मी प्यालो. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. खरं तर त्या माझ्या आईपेक्षा लहान असतील. केंद्रात परत येऊन मी मॅडमना सांगितलं की सगळं खरं सांगितलं, पण बाई पुन्हा बोलायला नको म्हणाल्या. मॅडम खूप वेळ माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “त्यांची इच्छा.”

मी स्वतःला समजावलं की त्या माउलीला शांतपणे ऑपरेशनला जाऊ दिलं. ते खरंही असेल. पण त्या हलक्या झालेल्या चेहऱ्यासमोर माझी चूक उच्चारायचं धाडस मला झालं नाही, हे त्याहून खरं आहे.

ऑपरेशन नीट झालं. बाई सात महिने जगल्या. गळ्याला छिद्र, त्यावर जाळीचा रुमाल. दर पंधरा दिवसांनी त्या केंद्रात यायच्या. नऊशे वाक्यांतून केलेला आवाज यंत्रातून निघायचा, जरा सपाट, जरा तुटक, पण त्यांचाच. त्याचं त्यांना कौतुक होतं. जाताना प्रत्येक वेळी त्या माझ्या टेबलाशी थांबायच्या, स्वतःच्या छातीवर हात ठेवायच्या आणि बोट वरच्या मजल्याकडं करायच्या. आहे ना? मी मान डोलवायचो. असं किती वेळा झालं ते मी मोजलेलं नाही. पुढं पुढं मी त्यांची वेळ बघून बाहेरची कामं काढायला लागलो, तर त्या माझी वाट बघत बसायच्या.

दिवाळीनंतर आजार फुफ्फुसात गेल्याचं निघालं. त्या नोव्हेंबरच्या शेवटी गेल्या. मी अंत्ययात्रेला गेलो नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सन्मती आला. सकाळचे अकरा वाजले असतील. सव्वीस वर्षांचा, आईसारखाच किरकोळ, हातांच्या कातडीत काळं तेल मुरलेलं. मॅडम त्या दिवशी कोल्हापूरला गेल्या होत्या. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “आईनं मावशीला लिहून दिलं होतं. पाटणकरांकडं माझ्यासाठी काहीतरी आहे म्हणून.”

त्याला मी रेकॉर्डिंगच्या खोलीत नेलं. काय करावं सुचेना, म्हणून आधी त्या नऊशेतली वाक्यं लावली. ‘विहिरीला पाणी कमी आहे.’ ‘बाजारात आज भेंडी आली नाही.’ त्यानं दोन ऐकली आणि हात वर केला. “ही स्टँडवरची,” तो म्हणाला. “ही गावात सगळ्यांना ऐकू यायची. दुसरं काही आहे का?”

दार लावून मी त्याला सगळं सांगितलं. मेमरीची डिस्क, बंद केलेली नक्कल, फुगलेली बॅटरी, पाण्याचा पेला. मग हॉस्पिटलातली संध्याकाळही सांगितली. त्यानं मधे फक्त एकदाच विचारलं, “रेकॉर्डर खिशात होता?”

“होता.”

“चालू?”

“चालू होता. त्यात खिशाची खरखर आणि माझं ‘नीट उतरलंय’, एवढंच आलं.”

मी म्हणालो की त्या काय बोलल्या ते मी ऐकलंय, माझ्याशिवाय कुणीच ऐकलेलं नाही, तुमची तयारी असेल तर सांगतो. त्यानं मान हलवली.

त्याच्या आईनं सांगितलं होतं ते असं. त्याचे आप्पा गेले त्या दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा घरात हा एकटाच होता, पंधरा वर्षांचा. त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून स्टँडवर फोन केला. नंतर बाईंनी सगळ्यांना सांगितलं की मला निरोपच मिळाला नाही. दिवसकार्यात चुलत्यांनी या पोराला चारचौघांत विचारलं, फोन करत काय बसलास, धावत का गेला नाहीस, दहा मिनिटांवर तर स्टँड. बाई शेजारीच बसल्या होत्या, त्या गप्प राहिल्या. खरं असं होतं की निरोप त्यांना मिळाला होता. नवरा भित्र्या स्वभावाचा होता. आधी तीनदा असंच छातीत दुखतंय म्हणून त्यांना ड्युटीवरून बोलावून घेतलं होतं आणि तिन्ही वेळा निव्वळ वात निघाला होता. साहेबांची बोलणी खाल्ली होती. म्हणून चौथ्या वेळी त्यांनी फोन घेतलेल्या सहकाऱ्याला हातानं खूण केली, बाहेर गेलीय म्हणून सांगा. त्यानंतर त्यांनी आणखी तीन गाड्या पुकारल्या. चाळीस मिनिटांनी घरी पोचल्या तेव्हा सगळं संपलं होतं. ‘दोष माझा होता आणि तो मी तुझ्या अंगावर पडू दिला,’ असं त्या म्हणाल्या होत्या. ‘तू घर सोडलंस ते बरोबर केलंस,’ असंही.

सांगून झालं. मला वाटलं होतं तो रडेल, नाहीतर माझ्या अंगावर येईल. तो तसाच बसून होता, हात मांड्यांवर.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

मला कळेना.

“फोन घेतलेल्या त्या माणसानं मला थांब म्हटलं आणि फोन टेबलावर ठेवला. मला फोनातून ऐकू येत होतं. जत गाडी फलाट चारवर लागली आहे. तिचाच आवाज, इतका जवळून. मग तो माणूस परत आला आणि म्हणाला, बाई बाहेर गेल्यात.” तो थांबला. “चुलत्यांनी विचारलं तेव्हा मी तिच्याकडं बघितलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं सांगावं म्हणून मी कुणाला बोललो नाही. दर वर्षी यायचो ते त्यासाठीच. संध्याकाळपर्यंत बसायचो. ती चहा करायची, गाड्यांचं बोलायची.”

त्याला काय सांगायचं होतं ते माझ्या लक्षात आलं आणि मला खोलीतून निघून जावंसं वाटलं. ती बातमी त्याला नको होतीच, ती अकरा वर्षं त्याच्याजवळच होती. त्याला ते तिच्या तोंडून हवं होतं. ते एकदाच, एकाच दुपारी बोललं गेलं होतं आणि ऐकणारा मी होतो.

मग तो म्हणाला, “एक विचारू?”

“विचारा.”

“सुरुवात कशी केली तिनं?”

मी म्हणालो, ‘तुझे आप्पा गेले त्या दिवशी’, अशी.

“त्याच्या आधी. मला काय म्हणाली?” तो पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलत होता. “रागावली की ती मला सन्मती म्हणायची. लहानपणी सोन्या म्हणायची. आप्पा गेल्यापासून दोन्ही बंद झालं. नुसतं ‘अरे’. अरे जेवतोस का, अरे निघालास का. त्या दिवशी काय म्हणाली?”

मी आठवायला लागलो. काचेपलीकडची खुर्ची आठवली, त्यांनी पदर सारखा केला तो आठवला, त्यांनी केलेली खूण आठवली. मग मी काय करत होतो तेही आठवलं. रेकॉर्डिंग सुरू करून मी पडद्यावरच्या आकड्यांकडं बघत होतो. आवाज किती वेगानं मेमरीत उतरतोय ते आकडे दाखवत होते आणि त्या दुपारी ते आधी कधीच नव्हते इतके चांगले होते. मी खूश होऊन ते बघत होतो. बाईंच्या बोलण्याकडं माझं लक्ष गेलं ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्यापासून.

सोन्या म्हणाल्या, असं मी सांगू शकलो असतो. शब्द अगदी ओठांवर आला होता. त्याचा चेहराही तेच ऐकायला समोर आला होता.

“मला आठवत नाही,” मी म्हणालो. “तेवढं मी ऐकलंच नाही.”

त्यानं मान हलवली आणि तो उठला. दारापाशी थांबून त्यानं नऊशे वाक्यांची सीडी मागितली. मी दिली. ती त्यानं शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवली आणि तो गेला.

मी मॅडमना त्याच संध्याकाळी खरं काय ते सांगितलं आणि जानेवारीत नोकरी सोडली. आता पुण्यात एका मोठ्या कंपनीचा डेटा सांभाळतो. इथं कसलीही गोष्ट तीन ठिकाणी लिहिली गेल्याशिवाय लिहिली गेली असं धरत नाहीत. सन्मतीचा पुढं काही पत्ता लागला नाही.

त्या अकरा मिनिटांतलं बाकीचं मला आजही जवळजवळ शब्दाला शब्द आठवतं, थांबे आणि खोकल्यासकट. गाडी चालवताना, दाढी करताना ते आपोआप सुरू होतं. दर वेळी मी थोडं आधी जाऊन बसतो, त्या खुर्चीत, आणि पडद्याकडं बघायचं नाही असं ठरवतो. त्या खूण करतात, ओठ उघडतात. मग त्या बोलतच असतात, ‘तुझे आप्पा गेले त्या दिवशी’.